लागोसच्या वेशीवर चारशे जहाजे

१९७५ चा जुलै महिना. नायजेरियाची तेव्हाची राजधानी लागोस, आणि तिच्या बंदरात व बंदराबाहेर खोळंबलेली चारशेहून अधिक मालवाहू जहाजे. त्यांतल्या २६० जहाजांच्या पोटात एकच माल होता : सिमेंट. युरोपातून निघून काही आठवड्यांत ती इथवर पोचली होती. पण नांगर टाकल्या जागेपासून धक्क्यापर्यंतचे उरलेसुरले अंतर कापायला त्यांतल्या कित्येकांना महिनोन्‌महिने लागणार होते. ऐन पावसाळ्याचे दिवस होते. गिनीच्या आखाताची दमट हवा पोत्यांमध्ये शिरत होती आणि सिमेंट पोत्यातल्या पोत्यात गोळे धरू लागले होते.

जहाजमालकांची मात्र फारशी कुरकुर नव्हती. ठरल्या मुदतीपेक्षा जहाज जास्त दिवस अडकून पडले, तर माल मागवणाऱ्याने रोजच्या रोज भरपाई द्यायची, हा या धंद्यातला जुना रिवाज. गोदीत त्याला डेमरेज म्हणतात. नायजेरियाने केलेल्या करारांत ही भरपाई दिवसाला काही हजार डॉलर होती. भंगारात निघायला टेकलेल्या जहाजाला याहून सुखाची नोकरी कुठे मिळणार? इंजीन बंद, इंधनाचा खर्च नाही, आणि मीटर चालू. अशी कितीतरी म्हातारी जहाजे त्या वर्षी रंगरंगोटी करून लागोसच्या रांगेत आणून उभी केली गेली, ती माल पोचवण्यापेक्षा उभे राहण्यासाठीच.

युरोपातून पश्चिम आफ्रिकेला माल जातो आहे त्याला काही शतके लोटली. बिस्केच्या उपसागरात खवळलेला समुद्र लागतो, पुढे मोकळे अटलांटिक; पण समुद्राने या व्यापाराला क्वचितच अडवले. अडवले ते किनाऱ्याने. सिमेंटची ती रांग हा त्याच जुन्या दुखण्याचा सगळ्यात मोठा झटका होता.

फ्रीटाउन, डाकार अशी दोन-चार नैसर्गिक बंदरे सोडली, तर या किनाऱ्यावर शेकडो मैल नुसती सरळ वाळू आणि तिच्यावर येऊन फुटणाऱ्या लाटा. जहाजाला आडोसा नाही, धक्का नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर कंपनीची आणि हॅम्बुर्गच्या व्होरमान कंपनीची जहाजे या किनाऱ्यावर नियमित येत. पण ती दूर खोल पाण्यात थांबत, आणि माल असो की माणूस, पुढचा प्रवास होडीतून. प्रवाशांसाठी लाकडी खोक्यासारखी एक खुर्ची असे. तिच्यात दोघा-चौघांना बसवायचे, जहाजाच्या क्रेनने उचलायचे आणि खाली हेलकावे खाणाऱ्या होडीत सोडायचे. गव्हर्नर असो वा कारकून, या खुर्चीतून कोणाचीच सुटका नव्हती.

मोटारगाडीची पाळी आली की जरा जास्त तयारी लागे. दोन होड्या शेजारी-शेजारी करकचून बांधायच्या, वरून फळ्या टाकायच्या आणि गाडी त्या फळ्यांवर उतरवून घ्यायची. अक्राच्या किनाऱ्यावर हे काम ‘गा’ जमातीचे कोळी करत. त्यांची वल्हीही न्यारी, पात्याला त्रिशूळासारखी तीन टोके असलेली. खरा खेळ पुढे, लाटा मोजण्याचा. लाटा जिथे फुटतात त्याच्या अलीकडे होडी थोपवून धरायची, मोठ्या लाटा एकामागून एक जाऊ द्यायच्या, आणि मागे सुकाणू धरून उभ्या असलेल्या तांडेलाने हाळी दिली की सगळ्यांनी जिवाच्या आकांताने वल्ही मारून मधल्या उसंतीत वाळू गाठायची. वाळूला टेकताच किनाऱ्यावरची माणसे दोर धरून ओढायला धावत. अंदाज चुकला तर इंग्लंडातल्या कारखान्यातून धडधाकट निघालेली गाडी शेवटच्या दोनशे हातांत समुद्राला अर्पण. कोको याच होड्यांतून बाहेर जाई, गाड्या आणि कापड याच होड्यांतून आत येत. जगातल्या सगळ्यात मोठ्या कोको-उत्पादक प्रदेशांपैकी एकाचा सारा व्यवहार वल्ही मारणाऱ्यांच्या दंडांवर चालला होता, हे आज खरे वाटत नाही.

ब्रिटिशांनी आणि फ्रेंचांनी बंदरे बांधली, पण सावकाशीने. लागोसच्या खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी होती; मोठ्या जहाजांना आत शिरता येत नसे. दगडी बांध घालून, गाळ उपसून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती वाट मोकळी झाली. घानात, म्हणजे तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, टाकोराडीचे बंदर १९२८ मध्ये खुले झाले. अक्राच्या होड्या थांबायला मात्र १९६२ उजाडले; त्या वर्षी शेजारी टेमाचे बंदर सुरू झाले. बेनिनमधल्या कोटोनूला १८९० च्या दशकात समुद्रात शिरणारा एक लोखंडी धक्का बांधला होता, खरे बंदर झाले १९६५ मध्ये.

या मधल्या काळात गाड्यांनी आतला मुलूख बदलून टाकला होता. कोको पूर्वी हमालांच्या डोक्यावरून किंवा पिंपांत भरून, पिंपे रस्त्यावर लोटत-लोटत किनाऱ्याला यायचा. वजनाला हलकी फोर्ड लॉरी आली आणि पिंपे इतिहासजमा झाली. पुढे ब्रिटनमधल्या ल्युटनच्या कारखान्यातली बेडफर्ड लॉरी आली. जहाजातून यायचा तो बहुधा नुसता सांगाडा : इंजीन, चासी, चाके. वरची लाकडी बॉडी अक्रा, कुमासी, लागोसचे सुतार बनवत. बाकांवर माणसे, बाकांखाली कोंबड्या, टपावर रताळी, आणि कपाळपट्टीवर मालकाच्या आवडीचे एखादे वचन रंगवलेले. बाजारात जाणाऱ्या बायकांची ही हक्काची गाडी, म्हणून तिचे नावच पडले ‘मॅमी लॉरी’.

नायजेरियाचे यादवी युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपले. पाठोपाठ तेलाचा पैसा आला. १९७३-७४ मध्ये खनिज तेलाचे भाव चौपट झाले आणि जनरल याकुबू गोवन यांच्या लष्करी सरकारच्या हातात एवढी रक्कम पडली की ती खर्च कशी करायची, हाच प्रश्न होऊन बसला. १९७५ ते १९८० ची तिसरी विकास योजना आखली गेली. रस्ते, पूल, शाळा, कारखाने. युद्धात फुगलेल्या सैन्याला पक्क्या बराकी हव्या होत्या. या सगळ्याला सिमेंट लागते, आणि देशात होणारे सिमेंट पुरणारे नव्हते.

म्हणून सिमेंट मागवले गेले, आणि ते कसे! सगळी खाती मिळून सुमारे २ कोटी टन. त्यांतले १ कोटी ६० लाख टन एकट्या संरक्षण खात्याने मागवले. खात्याची स्वतःची गरज पुढे मोजली गेली तेव्हा ती २९ लाख टन भरली. ६८ पुरवठादार, १०९ करार, किंमत एक अब्ज डॉलरच्या घरात. आणि लागोसच्या गोदीची सिमेंट उतरवून घेण्याची ताकद? वर्षाला सुमारे १० लाख टन. म्हणजे गोदीने दुसऱ्या कशाला हात लावला नसता, तरी हा माल उतरायला वीस वर्षे लागली असती.

हे झाले कसे, याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी असावीत. पहिले सरळ आहे : प्रत्येक करारामागे कोणाचे ना कोणाचे हात ओले होत होते, त्यामुळे करार जितके जास्त तितके बरे. दुसरे उत्तर पुढे न्यायालयात उघड झाले. पुरवठादारांपैकी जेमतेम २० टक्के लोकच शब्द पाळू शकतील, असा अधिकाऱ्यांचा हिशेब होता. शंभर पाने मांडायची ऐपत नसताना पाचशेंना आवतण धाडायचे, कारण शंभरच येतील. आणि पाचशेच्या पाचशे हात धुऊन पंगतीला हजर. जगात तेव्हा मंदी होती, जहाजे रिकामी होती, युरोपातले कारखाने गिऱ्हाईक शोधत होते. तेलाच्या पैशाची हमी असलेली मागणी कोण सोडणार?

रांगेत सिमेंटखेरीज जे उभे होते, त्याचे हाल कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये कडुना शहरात पूजोचा कारखाना सुरू झाला होता. फ्रान्सहून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि इथे ‘५०४’ जोडली जायची. खडबडीत रस्त्यांवर लोळण न घेणारी, आठ-नऊ माणसे कोंबली तरी न रुसणारी ही गाडी पुढे अख्ख्या पश्चिम आफ्रिकेची टॅक्सी झाली. लागोसजवळ फोक्सवॅगनचाही असाच कारखाना उभा राहिला. दोन्ही कारखान्यांचा जीव बंदरात अडकलेला. जहाज लागले तर काम, नाही तर हात बांधून बसा. औषधे, यंत्रे, खाद्यपदार्थ यांची गत तीच. पीठ खायला सगळे, दळायला मात्र ती एकटी गोदी.

२९ जुलै १९७५ रोजी गोवन आफ्रिकी राष्ट्रांच्या परिषदेसाठी कंपालात असताना लागोसमध्ये सत्तापालट झाला. उठावाची कारणे अनेक होती. बंदराबाहेरची ती रांग जनतेला रोज दिसणारे त्यांतले एक. नवे राष्ट्रप्रमुख मुर्तला मुहम्मद यांनी ऑगस्टमध्ये पुरवठादारांना तारा केल्या : सिमेंट पाठवणे थांबवा, जहाजे भरू नका. वर्षअखेरीस हुकूम निघाला की दोन महिने आधी परवानगी घेतल्याखेरीज कोणत्याही जहाजाने बंदरात यायचे नाही, आले तर तो गुन्हा. मध्यवर्ती बँकेने पैशाची हमी दिली होती. तिला ते पैसे न देण्याचे आदेश मिळाले.

पुरवठादार अर्थातच कोर्टात गेले. त्यांतल्या एका खटल्याचे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही घोकावे लागते. ट्रेण्डटेक्स नावाच्या स्विस कंपनीने २ लाख ४० हजार टन सिमेंट विकले होते, माल जर्मनीचा, दर टनाला ६० डॉलर. पैसे थांबल्यावर तिने लंडनमध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेवर दावा लावला. बँकेने जुनी ढाल पुढे केली : आम्ही सार्वभौम सरकारचा भाग, परक्या देशातले कोर्ट आमच्यावर खटला चालवू शकत नाही. जानेवारी १९७७ मध्ये लॉर्ड डेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ढाल बाजूला सारली. सरकारने बाजारात उतरून माल घेतला की ते इतर गिऱ्हाइकांसारखेच एक गिऱ्हाईक. सिमेंट बराकींसाठी होते की बंगल्यांसाठी, याने फरक पडत नाही. न्यूयॉर्कमध्ये असेच खटले चालले, एक तर १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकारांनी केलेल्या व्यापारी करारांचा आजचा आंतरराष्ट्रीय कायदा बऱ्याच अंशी या ओल्या सिमेंटवर उभा आहे.

मुर्तला मुहम्मद यांना हे निकाल पाहायला मिळाले नाहीत. १३ फेब्रुवारी १९७६ च्या सकाळी ते कचेरीकडे निघाले असताना लागोसच्या वाहनकोंडीत त्यांची मर्सिडीज मंदावली आणि तिथेच बंडखोर सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या. गोळ्यांनी चाळण झालेली ती काळी गाडी लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे. युरोपातून समुद्रमार्गे आफ्रिकेत उतरलेल्या लाखो गाड्यांपैकी सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेली बहुधा हीच.

रांग हळूहळू ओसरली. बरेच सिमेंट वाया गेले, बरेचसे तडजोडीने निकालात निघाले. एक गोष्ट मात्र जहाजकंपन्यांच्या डोक्यात पक्की बसली : क्रेन, हमाल आणि गोदाम यांच्या मर्जीवर राहिलो तर या किनाऱ्यावर धंदा होणे नाही. उत्तर तयारच होते, रो-रो जहाज. मागचा भाग पुलासारखा खाली येतो आणि धक्क्याला टेकतो. गाड्या स्वतःच्या चाकांवर चढतात, स्वतःच्या चाकांवर उतरतात. बाकीचा माल ट्रेलरवर चढवून आत ओढला जातो. धक्क्यावर क्रेन नसली तरी अडत नाही, आणि आठवड्याचे काम दिवसा-दोन दिवसांत उरकते. लागोसमध्ये घाईघाईने टिन कॅन बेटावर नवे बंदर उभारले गेले. १९७७ मध्ये ते सुरू झाले आणि रो-रोसाठी तिथे खास जागा होती. पुढे नेपल्सच्या ग्रिमाल्डी कंपनीने पोटात गाड्या आणि डेकवर कंटेनर असा दुहेरी घाट घातलेली जहाजे या मार्गावर आणली. त्यांची नावेही नकाशा वाचावा तशी : ‘ग्रांदे आफ्रिका’, ‘ग्रांदे नायजेरिया’.

आणखी एक बदल झाला होता, दिसायला किरकोळ. २ एप्रिल १९७२ रोजी नायजेरियाने ब्रिटिशांची डाव्या बाजूने गाडी चालवण्याची रीत सोडली आणि उजवी बाजू धरली. ४ ऑगस्ट १९७४ ला घानाने तेच केले. शेजारी सगळे फ्रेंच वळणाचे, सरहद्द ओलांडताना बाजू बदलायची कटकट नको, एवढेच साधे कारण. पण त्यामुळे व्यापाराची दिशा फिरली. ब्रिटनच्या जुन्या गाड्या एका फटक्यात गैरसोयीच्या झाल्या. जर्मनी, बेल्जियम, हॉलंडमधली प्रत्येक जुनी गाडी मात्र विकाऊ झाली. केनिया, युगांडा, टांझानिया डावीकडेच राहिले आणि त्यांचे रस्ते जपानी जुन्या गाड्यांनी भरले. आफ्रिकेच्या नकाशावर कुठे टोयोटा जपानहून येते आणि कुठे बेल्जियमहून, हे आजही मोठ्या प्रमाणात स्टिअरिंगच्या बाजूवर ठरते.

१९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले. १९८६ मध्ये नायराचे अवमूल्यन झाले आणि नवी गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेली. कडुनाचा कारखाना रोडावला. लोकांना गाडी तर हवीच होती. ती युरोपने वापरून टाकलेली चालणार होती. नायजेरियात अशा गाडीला ‘टोकुनबो’ म्हणतात. शोरूममधल्या नव्या गाडीपेक्षा टोकुनबोचा बाजार केव्हाच मोठा झाला.

या बाजाराचे दुसरे टोक ब्रसेल्समध्ये होते. अँडरलेख्टच्या कत्तलखान्याला लागून हेवार्ट नावाचा एक लांबट रस्ता आहे. तिथे एके काळी मांसाच्या व्यापाऱ्यांची गोदामे होती. ती रिकामी होत गेली तशी १९८० च्या दशकापासून त्यांत जुन्या गाड्यांचे व्यापारी शिरले. जागा मोठ्या, दरवाजे रुंद, भाडे बेताचे. व्यवहाराची सूत्रे बरीचशी लेबनीज कुटुंबांकडे. त्यांचे नातेवाईक पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले, त्यामुळे दोन्ही टोकांना घरचाच माणूस. गिऱ्हाईक बेनिनचे, टोगोचे, गिनीचे, कॅमेरूनचे. फिरत्या व्यापाऱ्याने यायचे, चार-पाच गाड्या बघायच्या, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकायचा, घासाघीस करायची आणि गाडी अँटवर्पच्या गोदीकडे रवाना.

गाडी रिकामी जात नाही. भाडे गाडीचे लागते, मग आतली हवा फुकट का न्यायची? डबा-व्हॅनच्या पोटात फ्रीज, फ्रीजच्या पोटात भांडी, वर गाद्या, फटींमध्ये टायर, दूरचित्रवाणी संच, सायकली, मुलांची बाबागाडी. काच वर करायलाही जागा उरत नाही. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या मदतीने २०१५-१६ मध्ये लागोसच्या बंदरांवर झालेल्या पाहणीत दिसले, की वर्षाला सुमारे ६० हजार टन जुनी विजेची उपकरणे इथे उतरतात आणि त्यांतली जवळपास ७० टक्के गाड्यांमध्ये भरून येतात. चालू फ्रीज कुणाच्या तरी घरी जातो. बंद पडलेला लागोसच्या कचऱ्यात जातो आणि त्याच्या तारा जाळून तांबे काढणारी पोरे तो धूर छातीत भरून घेतात.

१९९० नंतर कोटोनूची भरभराट झाली ती या गाड्यांवर. बेनिन लहान देश, त्याला एवढ्या गाड्या करायच्या काय? बहुतांश गाड्या सेमे-क्राकेच्या नाक्यावरून नायजेरियात जायच्या. लागोस कोटोनूहून शे-सव्वाशे किलोमीटरवर. नायजेरियाची गोदी गजबजलेली, जकात जबर, आणि जुन्या गाड्यांच्या वयावर मर्यादा. त्यामुळे ज्याला लागोसला गाडी हवी त्याने ती शेजारच्या देशात उतरवायची आणि रात्रीच्या अंधारात किंवा दिवसाढवळ्या हात ओले करून पलीकडे न्यायची. कोटोनूच्या बाहेर मैदानेच्या मैदाने गाड्यांनी भरलेली. काही व्हॅनवर डच बेकरीचे नाव तसेच, काहींवर जर्मन नळदुरुस्तीवाल्याचे. नाव पुसायचे नाही. गाडी खरोखर युरोपातून आली, याचा तोच पुरावा.

नायजेरियाने हा ओघ थोपवायचे प्रयत्न कमी केले नाहीत. लागोसमध्ये चोरलेल्या गाड्याही याच वाटेने उलट्या दिशेने जात. ऑगस्ट २००३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मोटारचोर टोळीच्या म्होरक्याला बेनिन हवाली करीना, तेव्हा नायजेरियाने सरहद्दच बंद केली. आठवड्याभरात बेनिन नमले. २०१३ मध्ये नवे वाहन धोरण आले, नव्या आयात मोटारींवरचा कर आणि अधिभार मिळून ७० टक्क्यांपर्यंत गेला. हेतू देशी कारखाने जगवण्याचा. परिणाम असा की कोटोनूला आणखी गिऱ्हाईक मिळाले. जानेवारी २०१७ पासून जमिनीच्या सरहद्दीवरून वाहन आणायलाच बंदी. ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा सरहद्द बंद, ती थेट डिसेंबर २०२० पर्यंत. प्रत्येक वेळी गाड्यांचा ओघ काही काळ आटला आणि मग नवी वाट शोधून वाहू लागला.

समुद्राने आपले अस्तित्व दाखवून दिले ते १० मार्च २०१९ च्या रात्री. हॅम्बुर्गहून कासाब्लांकाला निघालेल्या ग्रिमाल्डीच्या ‘ग्रांदे अमेरिका’ला बिस्केच्या उपसागरात आग लागली. जहाजावर २७ जण, ३६५ कंटेनर आणि दोन हजारांहून अधिक वाहने. महिनोन्‌महिन्यांच्या मोहिमेवरून घरी परतत असलेली ब्रिटिश नौदलाची ‘अर्गाइल’ ही युद्धनौका अंधारात, उसळत्या लाटांत मदतीला धावली आणि तिने सगळ्यांना वाचवले. जहाज दोन दिवसांनी बुडाले, सुमारे ४,६०० मीटर खोल पाण्यात. सोबत २,२०० टन इंधनही गेले. जगभरच्या वृत्तपत्रांना बातमी मिळाली ती ब्राझीलला निघालेल्या चार महागड्या पोर्शे गाड्यांची. कंपनीने बंद केलेले उत्पादन त्या चौघा गिऱ्हाइकांसाठी पुन्हा सुरू केले. जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी असे काही घडल्याचे कोणी छापले नाही.

या व्यापाराचे मोजमाप पहिल्यांदा नीट झाले ते २०२० मध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ऑक्टोबरमध्ये अहवाल काढला : २०१५ ते २०१८ या काळात युरोपीय संघ, जपान आणि अमेरिका यांनी मिळून १ कोटी ४० लाख जुनी हलकी वाहने परदेशी पाठवली, त्यांतली निम्म्याहून जास्त युरोपची, आणि एकूण वाहनांपैकी ४० टक्के आफ्रिकेत गेली. त्याच सुमारास डच सरकारच्या तपासणी खात्याने आपल्या बंदरांतून आफ्रिकेला निघालेल्या गाड्या प्रत्यक्ष उघडून पाहिल्या. सरासरी वय अठरा वर्षे. अनेकींकडे रस्त्यावर चालण्याचे वैध प्रमाणपत्र नाही. काहींचे धूर गाळणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आधीच काढून विकलेले, कारण त्यात प्लॅटिनम असते.

म्हणजे घरच्या रस्त्यावर जी गाडी चालवायला पोलीस देणार नाहीत, ती जहाजावर चढवायला हरकत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या पंधरा देशांनी जानेवारी २०२१ पासून आत येणाऱ्या गाड्यांना ‘युरो-४’ ची अट घातली. अंमल जिथे तपासणीची यंत्रे आहेत तिथे थोडाफार, बाकी कागदावर. जुलै २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने स्वतःच्या बाजूने प्रस्ताव मांडला, की रस्त्यावर चालण्यालायक नसलेली गाडी संघाबाहेर पाठवू नये. योग्य जागी ठेवलेले बोट आहे हे. कोटोनूच्या, लोमेच्या, टेमाच्या धक्क्यावर उतरलेली गाडी कोणी परत पाठवत नाही. परतीचे भाडे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असते. तपासायची तर ती अँटवर्पला, रॅम्पवर चढण्यापूर्वी.